शेवटच्या शनिवारची रिकामी चौकट

१३ मार्च, शुक्रवार

आज मी कोच झालो. जेमतेम दोन मिनिटं. आणि त्या दोन मिनिटांत जे बोललो ते बोलायला नको होतं. बास, लिहून टाकलं.

कोच म्हणजे वर्लिन स्टूक्सबरी. आमच्या ड्रायफोर्क कॉलेजच्या सगळ्या खेळांचे प्रमुख. वीस वर्षं फुटबॉल शिकवला, चेंडू हातात धरून धडका मारायचा तो, आता नुसती कचेरी बघतात, पण सगळे कोचच म्हणतात. त्यांच्या कचेरीमागच्या खोलीत माझा बोकड असतो. म्हणजे बोकडाचा पोशाख. मॅचला तो घालून मैदानाच्या कडेनं उड्या मारतो तो मी. त्याबद्दल कॉलेज माझी अर्धी फी माफ करतं. अभ्यासाबद्दल कुणी करणार नव्हतं.

बोकडाचं डोकं वाळत घालायला गेलो होतो. कोच जेवायला गेलेले. फोन वाजला. वाजत राहिला. उचलला.

"वर्लिन? बसलायस का? त्या चौकटीचं बोलायचंय."

डेलमस क्रॅबट्री! लॉरेल गॅप कॉलेजच्या खेळांचे प्रमुख. डोंगरापलीकडचे आमचे शत्रू — आणि कोचचे सख्खे मेहुणे. कोचची बायको मिस इमोजीन त्यांची धाकटी बहीण.

कोचचा आवाज मला हुबेहूब येतो. घशात खडी भरल्यासारखा. पोरं हसून लोळतात. म्हणलं, होऊन जाऊ दे.

"चौकटीचं काय बोलायचंय, डेल? तुमचं नाव आम्ही लिहीत नाही. सहा वर्षं हरताय. आमची पोरं तुमच्याशी खेळताना जांभया देतात."

मी आणखी चढलो.

"आणि थँक्सगिव्हिंगला तो तुझा थरांचा केक आणू नकोस. घशात अडकतो."

वाट बघत होतो हसण्याची. किंवा शिवीची. शिवी आली असती तर मी सांगूनच टाकलं असतं.

"बरं," म्हणाले. एवढंच. ठेवला फोन.

१४ मार्च

काही झालं नाही. फोन परत आला नाही. कोच शिट्टी वाजवत फिरतायत.

बॉइडला सांगणार होतो. बॉइड माझा खोलीतला सोबती, संघात आडदांड बचाववाला. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. नाही सांगितलं.

१६ मार्च

खोड्यांचासुद्धा एक कायदा आहे आमच्याकडे. खोड्या फक्त पीपाच्या आठवड्यात. म्हणजे नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा, ड्रायफोर्क–लॉरेल गॅप मॅचच्या आधीचा; जिंकणारे पीपातलं ताक पितात म्हणून पीपाचा. तेव्हा त्यांच्या अस्वलाच्या पुतळ्याला आम्ही घागरा नेसवतो, ते आमच्या कारंज्यात साबण ओततात, कुणी रागवत नाही. पण मार्चमध्ये खोडी कुणीच काढत नाही. म्हणून मार्चमधलं बोलणं सगळे खरं धरतात.

हे मला फोन ठेवल्यावर आठवलं. माझं डोकं नेहमी फोन ठेवल्यावर चालतं.

२२ मार्च, रविवार

चौकटीचा मामला नीट लिहितो. मराया लागलोय त्याच्यापायी.

आमची कॉन्फरन्स, म्हणजे आपसांत खेळणाऱ्यांचा गट, दहा कॉलेजांची. प्रत्येकजण प्रत्येकाशी वर्षातून एकदा खेळायचा. नऊ शनिवार, नऊ मॅच, विषय संपला. हे वेळापत्रक कोण करायचं? थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, ताटं उचलल्यावर, कोच आणि डेलमस! मुरंब्याच्या बरण्यांची दहा झाकणं. प्रत्येकावर एका कॉलेजचं नाव. मिस इमोजीनच्या टेबलावरच्या मेणकापडावर दोघं ती झाकणं सरकवत बसायचे. याची परीक्षा आहे, याला त्या शनिवारी मोकळा ठेव. हे आत्ता लांब जाऊन आले, यांना घरी खेळू दे. लागोपाठ दोनदा कुणाला बसमध्ये बसवू नकोस. आणि शेवटच्या शनिवारी आपण दोघं — ती दोन झाकणं आधीच कोपऱ्यात चिकटवून ठेवलेली. चाळीस वर्षं. एकाही कॉलेजनं कधी तक्रार केली नाही.

आता टीव्हीवाल्यांच्या नादानं आणखी चार कॉलेजं येतायत. चौदा होणार. मॅच मात्र आठच. म्हणजे दरवर्षी पाच जणांची गाठच पडायची नाही. पुढच्या वर्षीपासून कम्प्युटर वेळापत्रक करणार. तेवढी एक सवलत: प्रत्येक कॉलेजानं कागदावरच्या चौकटीत एक नाव लिहायचं. दोघांनी एकमेकांचं लिहिलं तर त्यांची जोडी कायमची, दरवर्षी, शेवटच्या शनिवारी. एकानं लिहिलं आणि दुसऱ्यानं नाही, तर गेलं. मग चार-पाच वर्षांतून एकदा, कम्प्युटरला वाटेल तेव्हा.

कागद ३१ तारखेपर्यंत भरायचेत. कोचनी लॉरेल गॅप लिहिलंय. मी बघितलं. ठळक अक्षरात, खाली दोन रेघा.

३१ मार्च

आज लॉरेल गॅपला फोन करणार होतो. माझ्याच आवाजात. चार वेळा नंबर फिरवला. चार वेळा ठेवला.

९ एप्रिल

कॉन्फरन्सचा कारभार बघणाऱ्या कमिशनर बाईंच्या कचेरीतून फॅक्स आला. मी मागच्या खोलीतच होतो, बोकडाच्या खुराला डिंक लावत.

कोचनी वाचला. परत वाचला. चष्मा काढून वाचला.

लॉरेल गॅपची चौकट रिकामी.

दुसऱ्या कुणाचं नाव लिहिलं असतं तर बरं झालं असतं. मग कोच चिडले असते, टेबल बडवलं असतं. रिकामी! म्हणजे तू तर नकोसच, पण तुझ्याऐवजी कुणी सुचतही नाही.

त्यांनी डेलमसना फोन लावला. मला इकडचंच ऐकू आलं.

"डेल, कारकुनानं घोळ घातलाय का रे?... मग?... म्हणजे काय, विचारू नकोस?"

मग, "जशी तुझी मर्जी."

आमच्या डोंगरात माणूस एकदा विचारतो. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे भीक.

मी पुढं होऊन सांगायचं होतं. तोंड उघडलं पण. कोच म्हणाले, "रॅन्सम, तुझ्या बोकडाला घाण वास मारतोय. बाहेर ने." मी नेला.

१० एप्रिल

झोप नाही. डोंगराएवढी दोन माणसं, आणि त्यांच्यात मी पाचर.

६ मे

पुढच्या वर्षीचं नवीन वेळापत्रक लागलं फळ्यावर. कम्प्युटरचा पराक्रम! आमचे दोन सामने लागोपाठ बाहेर, त्यातला एक परीक्षेच्या आठवड्यात. एक गुरुवारी रात्री, टीव्हीसाठी. गुरुवारी आमच्या गावात चर्चच्या गाण्यांची तालीम असते, कुत्रंही यायचं नाही. आणि शेवटच्या शनिवारी नव्या कॉलेजाकडे. बसनं नऊ तास. थँक्सगिव्हिंगची टर्की गिळून लगेच बसमध्ये! बॉइड म्हणाला, "तिथं पोचेपर्यंत मी म्हातारा होईन, मला पेन्शन देऊन परत पाठवा."

सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. लाज वाटली की मी मोठ्यानं हसतो.

१९ मे

कमिशनर बाईंना पत्र लिहिलं. खाली नाव 'एक फुटबॉलप्रेमी नागरिक'. व्याकरणात नापास झालेला नागरिक!

लिहिलं की बाई, वेळापत्रक असं करा: शेजारी आधी, लांबचे नंतर. परीक्षा बघा. बसचे मैल मोजा, टीव्हीचे पैसे नंतर मोजा. आणि शेवटचा शनिवार त्यांना द्या ज्यांना हरलं की वर्षभर तोंड लपवावं लागतं. नऊ तासांवरच्या माणसापुढे कोण तोंड लपवतं? परत भेटतोय कोण!

खाली लिहिलं, लॉरेल गॅपची चौकट चुकून रिकामी राहिली असेल, भरून टाका.

पत्ता मात्र माझाच टाकला. असा मी चोर.

४ जून

उत्तर आलं! नीट छापील कागदावर. 'प्रिय नागरिक, आपल्या सूचना विचारपूर्वक वाचल्या. चौकट फक्त त्या कॉलेजचे खेळप्रमुख स्वतः बदलू शकतात. मुदत १६ नोव्हेंबर.'

म्हणजे अजून वेळ आहे. डेलमसनी एक ओळ लिहिली की झालं. आणि त्यांनी ती लिहावी म्हणून मी एक वाक्य बोललो की झालं.

जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. पाच महिने. माझ्यासारख्याला वेळ देऊच नये.

१२ सप्टेंबर

हंगामाची दुसरी मॅच. जिंकलो. मैदानावर कोलांट्या मारताना बोकडाचा कान उसवला.

१५ सप्टेंबर

कान शिवून घ्यायला मिस इमोजीनकडे गेलो. बोकड त्यांनीच शिवलाय, दुरुस्तीही त्याच करतात. मला मक्याची भाकरी आणि ताक दिलं. त्या कान शिवतायत आणि मी समोर खातोय. मेणकापड तेच.

"डेल यंदा थँक्सगिव्हिंगला येत नाही म्हणतो," म्हणाल्या. दोरा दातानं तोडला. "त्याची बायको गेली त्या वर्षीसुद्धा आला होता. केक घेऊन."

मी म्हणलं, "कोचनी बोलवावं ना."

"तुझे कोच? ते म्हणतात, त्यानं चौकट रिकामी सोडली, मी ताट रिकामं सोडतो. दोन म्हातारे बोकड. तू तिसरा." हसल्या. मग डोळे पुसले त्याच कानानं, बोकडाच्या.

झाकणं खिडकीत ठेवलीयत, एकावर एक. सगळ्यांत वर लॉरेल गॅप.

म्हणलं, मॅम, मला एक सांगायचंय. त्या म्हणाल्या, सांग. मी म्हणलं, ताक फार छान झालंय.

१८ ऑक्टोबर

लॉरेल गॅप सगळ्या मॅच हरतंय. यंदा एकही नवीन पोरगा घेतला नाही म्हणे डेलमसनी. संघात अडतीसच जण, तेही सगळे जुने. बॉइड म्हणाला, "म्हातारा झोपलाय."

मला वाटतं माझ्यामुळं. माणसाचं मन उडतं ना.

८ नोव्हेंबर

काल कोच प्रेक्षकांत एकटे बसले होते. मी बोकडाच्या आतून बघितलं. मॅच चालू आणि त्यांचं लक्ष डोंगराकडे. बोकडाच्या आत असलं की माणसं नीट दिसतात. त्यांना वाटतं बोकडाला काय कळतंय.

१५ नोव्हेंबर, रविवार

उद्या मुदत संपते. आज गेलो.

बॉइडची गाडी मागितली. "कुठली पोरगी?" म्हणाला. म्हणलं, एकाहत्तर वर्षांची.

डेलमस मैदानावरच होते. रविवारी दुपारी, एकटे. चुन्याची गाडी ढकलत रेघा मारत होते. मला वाटलं होतं हे कामाला माणसं ठेवत असतील.

मी सगळं एका दमात सांगितलं. कोचच्या आवाजात जे बोललो ते माझ्या आवाजात परत बोललो. जांभयांचं. केकचंसुद्धा. हे बोलणं फार कठीण गेलं. स्वतःच्या आवाजात शब्द जड होतात.

ते रेघ पुरी करूनच थांबले.

"केकचं बोललास तेव्हाच कळलं मला," म्हणाले. "वर्लिन तीन तुकडे खातो आणि चौथा रुमालात बांधून खिशात घालतो. चाळीस वर्षं त्याला वाटतं मला दिसत नाही."

कळलं होतं! मग आठ महिने मी कशाला जळत होतो?

"मग सर, नाव लिहा की! उद्या शेवटचा दिवस. मी फॅक्सपर्यंत पळत जातो."

"नाही पोरा."

"का पण?"

त्यांनी चुन्याची गाडी बाजूला लावली. "सांगितलं तर डिसेंबरच्या एक तारखेपर्यंत तोंड बंद ठेवावं लागेल. ठेवशील? तुझी ख्याती वेगळी आहे."

म्हणलं, ठेवीन.

लॉरेल गॅपमधला फुटबॉल बंद होतोय. कायमचा. कॉलेजच्या विश्वस्तांनी फेब्रुवारीतच ठरवलं. कॉलेज चालवायचं तर हे कापावं लागेल. हंगाम संपेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, पोरांचं शेवटचं वर्ष नीट जाऊ द्यायचं, असा शब्द घेतलाय डेलमसकडून. म्हणून नवीन पोरगा घेतला नाही. कुणाच्या आईबापाच्या डोळ्यांत बघून खोटं बोलवलं नाही.

"सप्टेंबरमधला शनिवार मोकळा झाला तर कुणीही मिळतं खेळायला," ते म्हणाले. "नोव्हेंबरचा शेवटचा मोकळा झाला तर कुणी मिळत नाही. तोवर सगळ्यांची लग्नं लागलेली असतात. मी तुमचं नाव लिहिलं असतं तर वर्लिनच्या गळ्यात दरवर्षीचं मढं बांधलं असतं. म्हणून रिकामी सोडली. बसनं नऊ तास तर नऊ तास, त्याची पोरं खेळतील तरी."

मी म्हणलं, "म्हणजे माझ्या फोननं काही बिघडलं नाही?"

मला ते ऐकायचं होतं. हावरटासारखं विचारलं.

डेलमसनी चुन्याचे हात पँटला पुसले.

"त्या दिवशी मी शब्द मोडायला फोन केला होता," म्हणाले. "वर्लिनला सगळं सांगणार होतो. रात्रभर बसून हिंमत गोळा केली होती. तुझा आवाज आला. म्हणलं, ठीक, नाही सांगायचं असं दिसतंय. हिंमत काय, केकसारखी रोज थोडीच करता येते."

मला तिथंच चुन्यात गाडून घ्यावंसं वाटलं.

"आता सांगा," मी म्हणलं. "आजच सांगा. मी गाडीत नेतो तुम्हाला."

"आता? वर्लिनच्या पोटात राहील? तो उद्या त्याच्या पोरांना सांगेल हळू खेळा, बिचाऱ्यांची शेवटची मॅच आहे. मला दयेची मॅच नको. माझ्या पोरांना जाऊ दे मारामारी करून."

"मग निदान थँक्सगिव्हिंगला जा. केक घेऊन. मिस इमोजीन बोकडाच्या कानानं डोळे पुसतात, सर."

यावर मात्र ते हसले. खोकला येईपर्यंत हसले. बघू म्हणाले.

वही म्हणजे कोणी नाही, म्हणून इथं लिहिलं. शब्द मोडला असं नाही ना?

१६ नोव्हेंबर

मुदत संपली. कोच सकाळी काहीतरी टाइप करत होते. दोन बोटांनी, तासभर. मला बघून कागद झाकला.

२३ नोव्हेंबर

पीपाचा आठवडा सुरू. बॉइड म्हणाला, घागरा तयार आहे, चल पुतळ्याकडे. मी म्हणलं, पोट दुखतंय. "तुझं? खोडीच्या वेळी? डॉक्टर बोलवू?"

ते गेले. मी नाही गेलो. पहिल्यांदाच.

२६ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

मिस इमोजीननी मलाही जेवायला बोलावलं होतं. घरी जायला माझ्याकडे गाडी नाही म्हणून. तीन ताटं मांडली. मग कपाटातून चौथं काढलं, ठेवलं. कोचनी ते उचललं नाही.

दीड वाजता फाटक वाजलं. डेलमस! हातात केक. सात थर, मधे सफरचंदाचा लगदा.

"उशीर केलास," कोच म्हणाले.

"तू टर्की जाळतोस, घाई कशाला."

झालं. एवढंच. मिस इमोजीन स्वयंपाकघरात जाऊन भांडी उगाच वाजवत राहिल्या.

चौकटीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. कोचनी तीन तुकडे खाल्ले. चौथा रुमालात. डेलमसनी माझ्याकडे बघून एक डोळा मिटला. मला हसू यायला हवं होतं.

२८ नोव्हेंबर, शनिवार

एकवीस–सतरा. आम्ही जिंकलो. अडतीस जणांनी आमचा जीव काढला. शेवटच्या मिनिटाला बॉइड त्यांच्या पोरावर पडला म्हणून, नाहीतर गेलो होतो.

मैदानाच्या मधोमध पीप आणलं. ते जुनं लाकडी लोणी काढायचं पीप, त्यात ताक, जिंकणाऱ्यांच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांनी प्यायचं. पोरांचं झाल्यावर कोचनी रीत मोडली. पीप उचलून डेलमसच्या हातात दिलं.

"पी," म्हणाले. "आणि ऐक. ती नऊ तासांची मॅच मी रद्द केली. सोळा तारखेला लिहून कळवलं कमिशनर बाईंना. शेवटचा शनिवार आम्ही मोकळा ठेवलाय, दरवर्षी. पोरं आठऐवजी सात मॅच खेळतील, मरत नाहीत. तू कशावर रागावलायस मला माहीत नाही. विचारणार नाही. राग उतरेल तेव्हा ये. यंदा नाही तर पुढच्या. मी पीप घासून ठेवतो."

डेलमस पीप धरून उभे. मिशीला ताक. ते कोचकडे बघेनात. माझ्याकडे बघत होते, बोकडाच्या तोंडातल्या जाळीतून सरळ माझ्या डोळ्यांत.

"येतो की," म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोकडानं उडी मारायची असते अशा वेळी. मारली.

मंगळवारी एक तारीख. तोवर तीन दिवस. वही, तुला हात जोडतो, कोणाला सांगू नकोस. आणि कधी कुणाच्या हाती लागलीस, तर त्यालाही सांग, बाबा रे, वाचलंस ते वाचलंस, पण तो फोन कुणी उचलला होता ते कोचना सांगू नकोस. ते मला सांगू दे. माझ्या आवाजात.